स्वयंपाकघर कुठून घ्यावे?

तयार स्वयंपाकघरांची दुकाने आता तालुक्याच्या गावीही निघाली आहेत. तिथला झगमगाट पाहून लगेच विसार देऊ नका. रंग सारेच दाखवतात; तुम्ही आतली फळी दाखवायला सांगा. भुसा दाबून केलेली फळी स्वस्त खरी, पण पाणी मुरले की फुगते. मग बिजागरीचा स्क्रूही धरत नाही. सिंकखाली प्लायवुडच हवे. त्यावर आय.एस.आय.चा शिक्का आणि ७१० हा आकडा पाहा. त्याचे थर उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत. तसे पावतीवर लिहून घ्या. दुरुस्तीला कोण येणार, तेही विचारा. गावचा सुतार एवढे करून देत असेल, तर शहर कशाला गाठायचे? आणि ओट्याची उंची? तिथे जी रोज उभी राहणार, तिला विचारूनच ठरवा.