गुणनोंद ऑनलाइन झाली, सही कुणाची?

(शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेन्शन, कंत्राटी नेमणुका आणि रिक्त पदे यांचे प्रश्न डोक्यावर असताना गुणनोंदीच्या सॉफ्टवेअरवर बोलायचे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण गिरणी कामगाराचे कापड तसे आपल्या कामाचे जे कागदावर उतरते ते विद्यार्थ्याचे गुण. त्या गुणांची वही आपल्या टेबलाच्या खणातून निघून कुठल्यातरी सर्व्हरवर गेली आहे. वही गेली तशी तिच्यावरची आपली सत्ताही गेली का, हा आजचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात 'सरल', राजस्थानात 'शाला दर्पण', केरळात 'संपूर्ण', कर्नाटकात 'सॅट्स', आणि साऱ्या देशावर 'यू-डायस प्लस'. नावे वेगळी, पण विद्यार्थ्याची नोंद संगणकावर नेण्याची दिशा एकच. खासगी शाळांत संस्थेने विकत घेतलेले ॲप असते, महाविद्यालयांत 'मूडल' किंवा 'गुगल क्लासरूम'. आपण संगणकाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर्षअखेरीस रात्र-रात्र बसून तक्ते आखणे, बेरजा करणे, एक खाडाखोड झाली की सबंध पान पुन्हा लिहिणे, हे आपण सर्वांनी केले आहे. त्यात कसले आले वैभव! बेरीज यंत्राने करावी. पालकाला पोराची प्रगती जूनच्या ऐवजी ऑगस्टात कळावी. यात कुणाचेच नुकसान नाही.

पण यंत्र नुसती बेरीज करीत नाही, ते नियम लावते. तो नियम कुणीतरी आधी भरून ठेवलेला असतो, आणि बहुधा तो वर्गात शिकवणाऱ्याने भरलेला नसतो.

साधे उदाहरण घेऊ. वीस-वीस गुणांच्या चार चाचण्या झाल्या. एका मुलीला पहिल्या तीनमध्ये १६, १५ आणि १७ मिळाले. चौथीच्या दिवशी ती तापाने आजारी होती. तो रकाना रिकामा ठेवला आणि यंत्राने रिकामे रकाने वगळले, तर ६० पैकी ४८, म्हणजे ८० टक्के. यंत्राने रिकाम्या जागी शून्य धरले, तर ८० पैकी ४८, म्हणजे ६० टक्के. महाराष्ट्राच्या श्रेणीतक्त्यात पहिला आकडा ब-१ मध्ये बसतो, दुसरा क-१ मध्ये. मुलगी तीच, वही तीच, ताप तोच. दोन श्रेणींचा फरक एका खुणेच्या चौकटीने पडला. 'मूडल'मध्ये रिकामे गुण वगळायचे की नाहीत हे ठरवणारी अशी चौकट खरोखरच आहे. आपल्यापैकी किती जणांना ती दाखवली गेली? प्रशिक्षण म्हणून जे होते त्यात लॉगिन कसे करायचे ते शिकवतात. हिशोब कसा होतो ते सांगत नाहीत.

भारांशाचेही तेच. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित यांचे प्रमाण त्यात पहिली-दुसरीला ७० व ३०, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला ५० व ५०, सातवी-आठवीला ४० व ६० असे ठरले. लहान मुलाला रोजच्या कामावरून जोखावे, परीक्षेवरून कमी, हा त्यामागचा शिक्षणशास्त्रीय विचार. आता तिसरीच्या मुलाला आकारिकमध्ये ९० टक्के आणि संकलितमध्ये ५० टक्के असतील तर एकूण ७४ होतात. सातवीचे प्रमाण चुकून तिसरीला लागले तर ६६. श्रेणी उतरली. पालक शाळेत येतो तेव्हा सॉफ्टवेअर पुरवणारा तिथे नसतो. वर्गशिक्षिका असते.

यापेक्षा मोठा धडा २०२१ चा आहे. करोनामुळे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि १ मे २०२१ रोजी मंडळाने निकालाची पद्धत जाहीर केली. अंतर्गत २० गुण नेहमीप्रमाणे. उरलेल्या ८० पैकी १० घटक चाचण्यांचे, ३० सहामाहीचे, ४० पूर्वपरीक्षेचे. मुख्याध्यापक आणि सात शिक्षक यांची निकाल समिती, त्या सातांतले दोघे शेजारच्या शाळांचे. इथपर्यंत ठीक. पण पुढे अट अशी, की मागच्या तीन वर्षांतले शाळेच्या सर्वांत चांगल्या निकालाचे वर्ष संदर्भ म्हणून धरायचे आणि विषयाची सरासरी त्या वर्षाच्या सरासरीच्या दोन गुण वर-खाली एवढ्याच पट्ट्यात बसवायची. शाळांनी गुणांची खिरापत वाटू नये म्हणून काहीतरी लगाम हवा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण एखाद्या शाळेची ती तुकडी खरोखरच मागच्या तुकड्यांहून हुशार निघाली असेल तर? शिक्षकाने स्वतः तपासलेल्या पेपरातले गुण स्वतःच्याच हाताने खाली ओढायचे, आणि खाली सही करायची. निर्णय मंडळाचा, सूत्र मंडळाचे, सही मात्र समितीवरील शिक्षकाची.

इंग्लंडात त्याच्या आदल्या वर्षी हेच घडले. १३ ऑगस्ट २०२० रोजी 'ए लेव्हल'चे निकाल लागले तेव्हा सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा खाली आणल्या होत्या, त्याही शाळेच्या मागील कामगिरीवर चालणाऱ्या सूत्राने. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. चार दिवसांत सरकारने ते सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या. तिथे शिक्षकांचे मूळ अंदाज वेगळे नोंदलेले होते, म्हणून तुलना करता आली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कारण आपल्याकडच्या अनेक ॲपांत मूळ गुण आणि नंतर बदललेले गुण हे दोन्ही शिक्षकाला दिसत नाहीत. शेवटचा आकडा तेवढा दिसतो. चांगल्या यंत्रणेत प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणत्या लॉगिनने, किती वाजता, आधी काय होते, नंतर काय झाले. ही नोंद म्हणजे आपली हजेरीवही आहे, आपला साक्षीदार आहे. पण तो साक्षीदार कपाटात बंद, आणि किल्ली व्यवस्थापनाकडे.

आणि पासवर्ड? तो तर बहुतेक ठिकाणी शाळेच्या कार्यालयात भिंतीवर चिकटवलेला असतो! मुदत जवळ आली, नेटवर्क चालत नाही, मग "तुमचा पासवर्ड द्या, ऑपरेटर भरून टाकेल" असे फर्मान निघते. हा ऑपरेटर बहुधा कंत्राटी, तुटपुंज्या पगारावरचा आपलाच भाऊ. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यालाही संघटनेत आणले पाहिजे. पण त्या लॉगिनने जे जे होईल त्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण स्वखुशीने दिलेला पासवर्ड लबाडीने वापरला, हे मागाहून सिद्ध कसे करणार? म्हणून पासवर्ड मागितला की तोंडी देऊ नये. लेखी आदेश मागावा. आदेश सहसा येत नाही, आणि मागणीही थांबते, असा आमचा अनुभव आहे.

कामाच्या बोजाविषयी थोडक्यात, कारण तो तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली. गुणनोंद अशैक्षणिक नाही, हे प्रशासनाचे म्हणणे बरोबर आहे. पण तीच माहिती शाळेच्या ॲपमध्ये, मग राज्याच्या पोर्टलवर, मग एक्सेलच्या तक्त्यात, आणि शेवटी सहीसाठी छापील कागदावर, असे चारदा भरणे हे कोणते शिक्षण? फोन आपला, डेटा आपला, वेळ रात्री दहानंतरचा कारण तेव्हा सर्व्हर मोकळा असतो. संगणकाने वाचवलेला वेळ गेला कुठे?

मुलांच्या माहितीचाही प्रश्न आहेच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे. सगळ्या वर्गाचे गुण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकांना हे नम्रपणे दाखवावे. नापास झालेल्या पोराचा आकडा चाळीस घरांत गेला की तो परत घेता येत नाही.

मग करायचे काय? बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीकडे पाहा. १९८३ साली त्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यांत्रिकीकरणाबाबत करार केला. यंत्र येणारच होते. पण ते कोणत्या अटींवर येईल हे टेबलावर बसून ठरले. आपल्या क्षेत्रात यंत्र आले आणि अटींची चर्चा झालीच नाही. ती आता मागायची आहे. हिशोबाचा नियम शाळेच्या फलकावर लेखी लावा. शिक्षकाने भरलेला मूळ आकडा पुसू नका. बदल केला तर करणाऱ्याचे नाव त्या शिक्षकाला दिसू द्या. एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा मागू नका. आणि सत्र संपताच आपापल्या वर्गाची पूर्ण नोंद उतरवून तिची छापील, सही-शिक्क्याची प्रत शिक्षकाला मिळू द्या. यातली एकही मागणी सरकारी तिजोरीवर मोठा भार टाकणारी नाही, त्यामुळे निधी नाही हे नेहमीचे उत्तर इथे चालणार नाही.

बदलांची नोंद मागण्याच्या अर्जाचा मसुदा आम्ही मराठीत आणि हिंदीत तयार केला आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या साथींनी तो माहिती अधिकाराखाली द्यावा, विनाअनुदानितांतल्यांनी थेट मुख्याध्यापकांना. पोच घ्यायला विसरू नका. जेवणानंतरच्या बैठकीत प्रत्येक राज्याने आपल्या पोर्टलवर रिकाम्या रकान्याचे काय होते ते सांगावे, म्हणजे मागणीपत्रात तशी नोंद करता येईल. आता प्रश्न असतील ते विचारा.