आधी पिन काढून बघा

आज मी तुमच्याशी वॉकी-टॉकीबद्दल बोलणार आहे. हे आपल्या कामाचं नाही म्हणून रेडिओ बंद करू नका. जत्रेत, सप्ताहात, आरोग्य शिबिरात आता आपल्या बचत गटांच्या बाया स्वयंसेविका म्हणून उभ्या राहतात, तेव्हा हे यंत्र आपल्या हातात येतं. बटण कुठलं दाबायचं ते कोणीतरी दोन मिनिटांत सांगून जातं. बिघडलं तर काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही.

आपल्या अंबाजोगाईला मार्गशीर्षात योगेश्वरी आईचं नवरात्र असतं. शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत गर्दी. कोकणातून, पुण्याकडून लोक कुलदैवताला येतात. एका वर्षी आमच्या गटाच्या सहा जणी पौर्णिमेला रांगेच्या मदतीला होत्या. सहा सेट भाड्याने आणले होते. सोबत कानात घालायचं इअरफोन आणि पदराला अडकवायचा छोटा माईक. हात मोकळे राहतात म्हणून आम्हाला बरंच वाटलं.

दुपारी एक आजी रडत माझ्याकडे आल्या. चार वर्षांची नात हातातून सुटली होती. मी बटण दाबून सांगायला गेले, तर कानात नुसता ढोलाचा आवाज आणि खरखर. दुसरीला हाक मारली, उत्तर नाही. वीस-पंचवीस मिनिटं तसंच चाललं. पोरगी होती कुठं? चपलांच्या जागेजवळ आमच्याच एका मावशीच्या कडेवर! मावशी बिचाऱ्या माईकवर सारख्या सांगत होत्या, आणि आमच्यापर्यंत एक शब्द पोचत नव्हता.

शेवटी मी चालत निघाले. वाटेत आमच्या गटातली एक सून उभी होती. तिच्या सेटवरचा लाल दिवा मला दिसला. म्हटलं, "अगं, तू बोलतेस का?" ती म्हणाली, "नाही ताई, मी तर बटणाला हातसुद्धा लावला नाही. मला तर मघापासून काहीच ऐकू येत नाही." मी तिच्या सेटमधली माईकची पिन उपसली. लाल दिवा विझला. त्याच क्षणी सेटमधून मावशींचा आवाज आला, "अहो, पोरगी माझ्याकडं आहे, कोणी ऐकतंय का?"

असं का झालं ते समजून घेऊ. फोनवर दोघी एकदम बोलू शकतात. वॉकी-टॉकीचं तसं नसतं. एका चॅनलवर एका वेळी एकीनेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बैलगाडीची अरुंद वाट असते ना, एक गाडी मध्येच उभी राहिली की सगळ्या अडतात, तसं. त्या सुनेचा सेट आपोआप बोलत राहिला होता. तिच्या माईकमधून ढोल सगळ्यांच्या कानात जात होता. आणि जो सेट बोलत असतो त्याला ऐकू येत नाही. म्हणून "तुझा सेट अडकलाय" असं आम्ही कितीही ओरडलो असतो, तरी तिला ते कळलंच नसतं.

आता तो अडकला कशानं? या माईकला बहुधा दोन पिना असतात, एक जाड, एक बारीक. पिनेवर बारीक कड्या असतात. त्या कड्या पिनेचे वेगवेगळे भाग पाडतात. कोणत्या भागातून ऐकायचा आवाज येतो, कोणत्यातून माईकचा जातो, कोणत्यातून बटण दाबल्याचा निरोप जातो. पिन अर्धवट बसली की भलता भाग भलत्या जागी टेकतो आणि सेटला वाटतं बटण दाबलंय. आमच्या सेटला रेक्झिनचं कव्हर होतं. त्याची जाड कड पिनेच्या आड येत होती. पिन बसल्यासारखी दिसत होती, पण पुरती आत गेली नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, जोडलेल्या वस्तूसकट सेट बिघडला, तर या क्रमाने बघा.

पहिलं, पिन काढा आणि नुसत्या सेटवर बोलून बघा. नीट चाललं तर सेट चांगला आहे, खोट माईकमध्ये, वायरमध्ये किंवा पिनेच्या भोकात आहे.

दुसरं, तोच माईक तशाच दुसऱ्या सेटला लावा. तिथंही तेच झालं तर माईक खराब. तिथं चांगला चालला तर पहिल्या सेटच्या भोकात बघा. कुंकू, गुलाल, धूळ साचते. सेट बंद करून, बॅटरी काढून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी किंवा खोबरेल लावू नका. फारच घाण असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या.

तिसरं, कव्हर काढून पिन शेवटपर्यंत दाबा. कव्हर आड येत असेल तर त्या जागी कापून घ्या.

चौथं, वायर हातात धरून हळू हलवा. हलवताना आवाज येतो-जातो असं झालं तर आतली तार तुटलेली आहे. ती बहुधा पिनेजवळ नाहीतर माईकजवळ तुटते, कारण वायर तिथंच सारखी वाकते. सेटला वायर करकचून गुंडाळायची सवय सोडा.

आणखी तीन गोष्टी. काही सेटमध्ये आवाज झाला की आपोआप बोलणं सुरू होण्याची सोय असते, तिला व्हॉक्स म्हणतात. हलगी-ढोलाच्या गर्दीत ती बंदच ठेवा. दुसरं, तुम्ही बोलताना समोरच्याला घरघर ऐकू येत असेल, तर माईकची वायर अँटेनापासून लांब घ्या. अँटेनातून निघणाऱ्या लहरी त्या वायरमध्ये शिरतात. सेटला कमी पॉवरची सोय असेल तर ती लावा. जवळच्या अंतराला तेवढी पुरते, बॅटरीही टिकते. तिसरं, दिसायला सारख्या दोन पिना असल्या तरी एका कंपनीचा माईक दुसऱ्या कंपनीच्या सेटला चालेलच असं नाही. आतली जोडणी वेगळी असते. आणि ऐकताना ठीक, बोलायला गेलं की सेट बंद, असं झालं तर माईकला दोष देऊ नका. बोलताना करंट जास्त लागतो, बॅटरी उतरलेली असते.

सेट भाड्याने घेताना परवान्याचंही विचारा. २०१८ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही. बाकीच्या पट्ट्यांतले सेट परवान्याशिवाय वापरणं गुन्हा ठरू शकतो.

आता आम्ही नवरात्राला उभं राहण्याआधी दहा मिनिटं काढतो. प्रत्येकीने माईक लावून एक वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी ऐकल्याचं सांगायचं. दर थोड्या वेळाने आपल्या सेटचा दिवा बघायचा. पाच मिनिटं कोणाचाच आवाज आला नाही, तर "आज शांतता आहे" असं न समजता पिन काढून बघायची. आणि सगळंच बंद पडलं तर कोणी कुठं चालत जायचं, हेही आधी ठरवलेलं असतं.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगते. आवाज येईना तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "मावशींना यंत्र जमत नाही, त्यांना कशाला दिलं?" मीही मान हलवली. मावशींचा सेट चांगला होता आणि त्या बरोबरच बोलत होत्या. मी नंतर त्यांची माफी मागितली. त्या हसल्या. पण पुढच्या वर्षी सेट घ्यायला त्या तयार होईनात, फार विनवावं लागलं. यंत्र अडलं तर आधी यंत्रच तपासा. बाईला नावं ठेवायची घाई करू नका.