बंद बरणीतील कोरडे रान
(हीरक महोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



नववीच्या मुलांनी काचेच्या बंद बरणीत साकारलेले काटेरी झुडपांचे रान आज आपण पाहणार आहात. अरवलीची उत्तरेकडील शेवटची टेकाडे आपल्या दिल्लीतच संपतात. बोर, केर, खैर यांचे रान तेथे आजही तग धरून आहे. मुलांनी नमुना म्हणून तेच निवडले.

कोरडे रान बरणीत जगविणे कठीण. माळावरचे पाणी उन्हाने उडून दूर निघून जाते, म्हणून रान कोरडे राहते. झाकण लावले की तेच पाणी काचेवर दवासारखे जमते आणि पुन्हा मातीत उतरते. पहिल्या बरणीत पाणी थोडे अधिक झाले आणि पंधरा दिवसांत बुरशी आली. दुसऱ्या खेपेस मुलांनी तळाशी खडी, वर वाळूमिश्रित माती आणि चिमूटभर वाळलेला पाला घातला, बोरीची रोपे लावली, पाणी चमच्याने मोजले आणि बरणी कडक उन्हाऐवजी उजेडात ठेवली. ती रोपे आज हिरवी आहेत.

हाच प्रयोग अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फार मोठ्या प्रमाणावर झाला. ‘बायोस्फिअर २’ या सुमारे सव्वा हेक्टरच्या काचघरात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ जण राहिले. छतावरून ठिबकणाऱ्या दवाने तेथील वाळवंटात झुडपे माजली. सुपीक मातीतील सूक्ष्मजीवांनी प्राणवायू इतका वापरला की त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरले. अखेर जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून पुरवावा लागला.

पालकहो, माती उत्तम असूनही तेथे श्वास अपुरा पडला, हे मला महत्त्वाचे वाटते. मराठी माध्यमाचा पट घटत असताना आपली भाषा जपण्यासाठी दारे लावून घेण्याचा मोह होतो. परंतु बंदिस्त राहून शाळा जगत नाही. राजधानीतील हिंदी, पंजाबी शेजार आणि अरवलीचे रान यांविषयी आपली मुले मराठीत विचार करू लागली, तरच मराठी त्यांची जिवंत भाषा राहील.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. देणगीचे आम्ही स्वागतच करू. परंतु वर्षातून एक दिवस वर्गात या आणि आपण करीत असलेले काम मुलांना मराठीतून समजावून सांगा. बाहेरचा तो वारा या शाळेला हवा आहे.