बघितलं, पण दिसलं नाही



काही वर्षांपूर्वी मी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर रस्ता ओलांडत होते. आईला रुग्णालयात दाखल केल्याचा भावाचा फोन नुकताच येऊन गेला होता. फोन पर्समध्ये टाकला, उजवीकडे बघितलं, पाऊल उचललं आणि अगदी शेजारी करकचून ब्रेक लागला. "ओ ताई, बघून चाला ना!" रिक्षावाला ओरडला. मी बघितलं होतं. त्याच दिशेला बघितलं होतं. रिक्षा मात्र मला दिसली नव्हती.

डोळ्यांचं काम टिपण्याचं. टिपलेल्यातलं काय जाणिवेपर्यंत पोचवायचं, हे मेंदू ठरवतो, कारण सगळंच एका वेळी त्याला पेलत नाही. मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ आहे, अमिग्डला. भीतीची, जिवाभावाची गोष्ट आली की ती इतर भागांना खडबडून जागं करते आणि लक्षाचा ओघ तिकडे वळतो. साप दिसल्यावर आपण वाचतो ते यामुळेच. पण तेवढ्यात समोरून दुसरं काही आलं, तर ते निसटतं.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन मोस्ट, मार्व्हिन चुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हे प्रयोगातून दाखवलं. पडद्यावर निसर्गदृश्यं भराभर सरकत होती, सेकंदाला साधारण दहा. त्यांतलं आडवं फिरवलेलं एक चित्र तेवढं ओळखायचं. त्याच्या जरा आधी रक्तपाताचं चित्र येऊन गेलं, तर सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं येणारं हे आडवं चित्र लोकांच्या नजरेतून बऱ्याचदा सुटायचं. आणखी थोडा वेळ गेला की पुन्हा दिसू लागायचं. मन उचंबळून टाकणाऱ्या सुखद चित्रांनंतरही असंच घडतं, हे पुढच्या प्रयोगांत आढळलं. म्हणजे फक्त दुःखाला दोष देऊन चालणार नाही.

एवढ्याशा वेळानं काय बिघडतं? ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. शिवाय रस्त्यावर फोनवरची वाईट बातमी त्या चित्रासारखी एकदाच येऊन जात नाही. मन पुन्हा पुन्हा तिच्याकडे धावतं. टेंभी नाक्यावर नवरात्रोत्सवाच्या दिवसांत तर भोवती गर्दी आणि डोळ्यांपुढे रोषणाई. तिथे चुकलेलं मूल शोधणारी आई त्याच्या शेजारून निघून जाते. तिला निष्काळजी म्हणू नका.

अशा वेळी चालत असाल तर फूटपाथवर थांबा. दुचाकीवर असाल तर गाडी कडेला घ्या आणि श्वास जागेवर येऊ द्या. मग काय शोधायचं ते स्वतःला नेमकं सांगा: "उजवीकडून रिक्षा, डावीकडून बस." मुलाला शोधताना "लाल शर्ट, लाल शर्ट" असं पुटपुटा. नेमकं काय हवं ते ठाऊक असलं की काहींना हा अडथळा ओलांडता येतो, हेही 2005 च्या त्याच प्रयोगात दिसलं. स्वभावानं फार घाबरणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. त्यांनी सरळ कुणाचा तरी हात धरावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि फोन करणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती. मी रस्त्याच्या कडेला उभी आहे, हे माझ्या भावाला कसं कळणार होतं? वाईट बातमी सांगायची असेल तर आधी विचारा, "कुठे आहेस? गाडी चालवतोयस का?" समोरचा म्हणाला "हो," तर एवढंच सांगा, "बाजूला थांब आणि मला फोन कर."