तीस किलोंचा सोबती

लामा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिबेटी धर्मगुरू येतो. मी ज्या लामाविषयी बोलणार आहे तो चार पायांचा, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. उंटाचा चुलतभाऊ, पण पाठीवर मदार नाही, अंगावर दाट लोकर आणि चेहऱ्यावर थोडी ऐट.

पेरू-बोलिव्हियाच्या पठारांवर, ४,००० मीटर उंचीवर, हवा इतकी विरळ की आपल्याला चार पावलांत धाप लागावी. लामाच्या रक्ताचं तेवढ्या प्राणवायूत भागतं. ग्वानाको नावाच्या रानटी प्राण्यापासून तिथल्या माणसांनी काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला. पुढे इंकांचं राज्य आलं, तेव्हाही घोडा नव्हता, बैल नव्हता, गाडीचं चाक नव्हतं. एवढं अवाढव्य राज्य चाललं ते माणसाच्या आणि लामाच्या पाठीवर.

आणि लामा ओझं तरी केवढं वाहतो? २५-३० किलो. त्याहून जास्त लादलं की गडी खाली बसतो. ओढा, ढकला, उठत नाही. फार छळलंत तर थुंकतो! मला हा स्वभाव मनापासून आवडतो. बैलाला नि गाढवाला हे जमलं असतं तर त्यांचं आयुष्य पुष्कळ सुखाचं झालं असतं.

केचुआ आणि आयमारा लोकांचे लामांचे तांडे बोलिव्हियातल्या उयुनीच्या मीठ-पठारावरून मिठाच्या लाद्या घेऊन खालच्या खोऱ्यांत उतरायचे आणि मका घेऊन परतायचे. पैशाचं कामच नाही, मालाला माल. लामांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे. झाडं नसलेल्या त्या उंचीवर चुलीला जळण त्याच्या वाळलेल्या लेंड्यांचं आणि बटाट्याला खतही तेच. बरं, कळप लेंड्या एका ठरावीक जागीच टाकतो, त्यामुळे वेचणारीची वणवण वाचते. उन्हात-थंडीत सुकवलेल्या मांसाला केचुआत ‘चार्की’ म्हणतात. इंग्रजीतला ‘जर्की’ त्यातूनच आला. घराचा पाया घालताना लामाचं वाळलेलं भ्रूण पाचामामाला, म्हणजे भूमातेला, अर्पण करून पुरतात. ला पाझच्या बाजारात ती टांगून विकायला ठेवलेली असतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण तिथे त्याशिवाय घर उभं राहत नाही.

१५३२ मध्ये स्पॅनिश आले. १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि मीठ वाहणाऱ्या पाठींवर चांदी चढली. कत्तल आणि रोगराईने कळप ओसरले. कुरणांत मेंढ्या शिरल्या.

आता मीठ ट्रकमधून जातं. त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. हिमनद्यांच्या पाण्यावर ओल्या राहणाऱ्या कुरणांवर हे कळप जगतात आणि त्या हिमनद्याच आटत चालल्या आहेत. ला पाझजवळची चाकालताया हिमनदी २००९ मध्ये संपली. गुराखी हिरवळ शोधत कळप आणखी वर नेतो, त्याची मुलं शहराकडे उतरतात.

या लोकांनी लामाला आकाशातही पाहिलं. ताऱ्यांच्या रेषा जोडून नव्हे. आकाशगंगेतल्या काळ्या डागांत त्यांना ‘याकाना’ नावाची लामाची मादी दिसते. नरतुरंगातले दोन ठळक तारे हे तिचे डोळे. मेच्या रात्री आपल्याकडूनही दक्षिण क्षितिजाजवळ ते दिसतात. मध्यरात्री ती खाली उतरून समुद्राचं पाणी पिते. ती प्यायली नाही तर जग बुडेल, असं तिथली जुनी कथा सांगते.