उद्याची न्याहारी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला वर्गावर गेलेल्या शिक्षकाला, कोणते मूल खाऊन आले आहे आणि कोणते चहात बुडवलेल्या बटरवर आले आहे, हे सहसा विचारावे लागत नाही. शाळेच्या चुलीवर खिचडी शिजून ताटात पडेपर्यंत दोन-तीन तास तरी जावयाचे असतात. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या भोजनाबरोबर शाळेत सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली आणि तामिळनाडू राज्याने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत ती देण्यास प्रारंभही केला. शाळेतील न्याहारीचा विचार शासनस्तरावर व्हावयाचा तो होईल. मला आज बोलावयाचे आहे ते घरातल्या न्याहारीविषयी.

घरात न्याहारी होत नाही याचे कारण अज्ञान असे आपण फार लवकर गृहीत धरतो. नाचणी चांगली, कडधान्ये चांगली, हे आता बहुतेक घरांत ठाऊक आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, त्या निमित्ताने भित्तिपत्रकेही पुष्कळ लागली. पण ज्या बाईला पाणी भरून, डबे करून, सात वाजता निंदणीला किंवा कारखान्याच्या गाडीला निघावयाचे आहे, तिला भित्तिपत्रक वाचून सकाळची वीस मिनिटे जास्तीची मिळत नाहीत. प्रश्न वेळेचा आहे. त्याचे उत्तरही आपल्याकडे जुने आहे: उद्याचे काम आज, आणि महिन्याचे काम एकाच दिवशी करून ठेवणे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, रात्री ताकात कालवून सकाळी शिजवावयाची आंबील, दुधात भिजवलेल्या दशम्या, ओल्या फडक्यात बांधलेली मटकी, ही सगळी आधी करून ठेवावयाच्या न्याहारीचीच रूपे होत. सातूच्या पिठाला तर सकाळी चूलही लागत नाही. गुळाचे पाणी किंवा दूध घालून कालवले की झाले.

मग हे मागे का पडले? माझे मत असे की, पदार्थ विसरले गेले नाहीत, त्यांचा हिशेब विसरला गेला. कोणते धान्य किती, ते किती दिवसांत संपते, मंगळवारच्या मटकीसाठी रविवारी रात्री काय भिजवावयाचे, आजीला दात नाहीत म्हणून तिच्यासाठी त्याच पिठाचे काय करावयाचे, हे सारे एकत्र कुटुंबातील एखाद्या जाणत्या बाईच्या डोक्यात असे. ती गेली आणि कुटुंब विभक्त झाले की वही कोरी राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा या कामी उपयोग आहे तो नेमका येथे. ती नवा पदार्थ आणून देत नाही. हिशेब मांडून देते. कमलाबाई सोहोनी यांच्यासारख्या शास्त्रज्ञ स्त्रीने नीरेवर आणि कडधान्यांवर प्रयोगशाळेत जे संशोधन केले, तशा प्रकारचे ज्ञान या यंत्रातून निर्माण होत नाही, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

२०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणाऱ्या या प्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. आज साध्या भ्रमणध्वनीवर मराठीत लिहून, आणि अनेक ठिकाणी बोलूनही, त्यांना प्रश्न विचारता येतो. अफाट लिखित मजकुरावरून, विचारलेल्या प्रश्नाला शोभेल असे उत्तर त्या जुळवून देतात. जुळवून, हा शब्द लक्षात ठेवावा. ‘कुटुंबासाठी पौष्टिक न्याहारी सुचवा’ एवढेच विचारले, तर ज्या मजकुरावर त्या पोसल्या गेल्या त्यातले सर्वांत वरवरचे हाती येते: ओट्स, बदामाचे दूध, शीतकपाटात रात्रभर ठेवलेली फळांची वाटी. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला आपले घर सांगितलेलेच नसते.

घर सांगावयाचे म्हणजे कसे, याचा एक नमुना देतो. ‘आम्ही सहा जण. सासूबाईंना दात नाहीत. दोन मुले, वये आठ आणि अकरा, सातला शाळेत जातात. मी आणि पती साडेसातला बाहेर पडतो. घरात शीतकपाट नाही. गॅस एक, तवा एक. कोठीत ज्वारी, नाचणी, मटकी, चवळी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गूळ आहे. दारात शेवगा आहे. दूध रोज अर्धा लिटर. संध्याकाळी अर्धा तास आणि सकाळी वीस मिनिटे मिळतात. सध्या एप्रिल आहे, उकाडा फार. पाच दिवसांची न्याहारी सुचवा. प्रत्येक दिवसासाठी आदल्या रात्री काय करावयाचे, सकाळी काय करावयाचे, आणि ते काम घरातल्या कोणी करावयाचे, हे लिहा.’ एवढे सांगितल्यावर उत्तराचा नूर पालटतो. शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. ते नसेल तर यंत्र सगळी कामे आईच्या नावावर टाकण्याचा संभव पुष्कळ आहे. लिखित मजकुरात तसेच आहे. अकरा वर्षांच्या मुलाला मटकी भिजवता येते, आणि त्याच्या वडिलांनाही येते.

आलेले उत्तर मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये. पहिली अडचण मापाची. परदेशी पाककृतीतला ‘कप’ सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. आपल्या घरची वाटी बहुधा त्याहून बरीच लहान. तेव्हा घरातली एक वाटी ठरवावी, ती भरून ज्वारीचे पीठ किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यावे, आणि यंत्राला ग्रॅममध्येच बोलावयास सांगावे. हिशेब पडताळण्यास चौथीचा विद्यार्थी पुरे. एका थालीपिठाला ६० ग्रॅम भाजणी धरली तर सहा जणांना दोन-दोन प्रमाणे एका दिवसाला ७२० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा केली तर चार आठवड्यांस पावणेसहा किलोच्या आसपास. यंत्राचा आकडा याच्या जवळ नसेल तर पुन्हा विचारावे. शिक्षक बांधवांना यात गणिताचा एक चांगला पाठही सापडेल.

दुसरी अडचण पोषणमूल्यांच्या आकड्यांची, आणि ती अधिक फसवी आहे. पोह्यांचेच पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले होते. त्याच संस्थेने २०१७ मध्ये नव्याने तपासणी करून प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ते सुमारे साडेचार मिलिग्रॅम आहे. जुना आकडा मात्र शेकडो लेखांतून पसरलेला आहे आणि यंत्राने तोही वाचलेला आहे. कांदेपोहे खाल्ले म्हणजे लोहाची चिंता मिटली, असे ते आत्मविश्वासाने सांगू शकते. नव्या कोष्टकांत बाजरीत सुमारे सव्वासहा ते साडेसहा मिलिग्रॅम लोह आहे, म्हणजे पोह्यांपेक्षा अधिक. म्हणून ‘हा आकडा कोणत्या कोष्टकातला, कोणत्या वर्षाचा’ असे विचारावे, आणि एवढ्यावर न थांबता मूळ कोष्टक उघडून पाहावे, कारण यंत्र कोष्टकाचे नावही जुळवून देऊ शकते. पोहे सोडावेत असे मी म्हणत नाही. खाताना वर लिंबू पिळले तर त्यातले लोह अधिक अंगी लागते, आणि न्याहारीबरोबरच चहा घेतला तर कमी लागते. चहा तासाभराने घेण्यास पैसा पडत नाही. सवय मात्र मोडावी लागते.

नाचणीच्या बाबतीत शब्दच घात करतो. २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्याचा मोठा भाग दाण्याच्या सालीत असतो. आपल्याकडे ‘नाचणीचे सत्त्व’ दोन प्रकारे होते. एका घरी मोड आणून, वाळवून, अख्खी नाचणी दळतात. दुसऱ्या घरी भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवतात; चोथा गुरांना जातो, आणि त्याबरोबर कॅल्शियमही पुष्कळसे जाते. यंत्राला ‘नाचणी सत्त्व’ एवढेच सांगितले, तर कोणते सत्त्व हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते अख्ख्या नाचणीचे आकडे देईल आणि ताटात साका असेल. वाढत्या मुलांसाठी मोड आणून दळलेले पीठ अधिक चांगले. मोड आल्याने धान्यातले जे द्रव्य लोह अडवून धरते, तेही कमी होते. गाळलेले सत्त्व पचायला हलके म्हणून आजाऱ्यासाठी ठेवावे.

तिसरी गोष्ट टिकण्याची. येथे चूक झाली तर ती पोटात होते. कोरडी भाजलेली पिठे टिकतात, कारण त्यांत पाणी नसते. भाकरी, दशमी, धपाटे स्वच्छ फडक्यात रात्रभर राहतात. शिजलेल्या भाताचे तसे नाही. तांदळातील काही जिवाणूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत राहिला तर ती वाढीस लागून विष निर्माण करतात आणि हे विष फोडणीच्या कढईतही नाहीसे होत नाही. शीतकपाट नसलेल्या घरी उन्हाळ्यात रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणे म्हणून टाळावे. मोडाची कडधान्ये लहान मुलांना कच्ची न देता वाफवून द्यावीत. खवट किंवा बुरशी दिसणारे शेंगदाणे भाजूनही सुधारत नाहीत, ते टाकूनच द्यावेत. यंत्राला वास येत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो. आंबवावयाच्या पिठाबद्दल ते ‘आठ ते बारा तास’ असे सांगते. मे महिन्यात चंद्रपूरला तेच पीठ त्याच्या कितीतरी आधी आंबून जाते आणि जानेवारीत महाबळेश्वरला सकाळपर्यंत फुगतही नाही. गाव आणि महिना सांगणे आवश्यक ते याकरिता.

आजाराच्या बाबतीत सीमारेषा स्पष्ट असावी. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण यांसाठीचा आहार प्राथमिक आरोग्य केंद्रातून समजून घ्यावा. सगळा रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत आणि त्याचे निदान रक्ताच्या तपासणीनेच होते. तसेच मुलांची नावे, आधार क्रमांक, तपासणीचे अहवाल या प्रणालींना देऊ नयेत. ‘आठ वर्षांची मुलगी’ एवढे पुरते.

पंचायत सदस्यांनी यात काय करावे? घरोघरी भ्रमणध्वनी हाती घेऊन बसण्याची गरज नाही. महिला सभेपूर्वी अंगणवाडी सेविका, एक शिक्षक आणि बचत गटातील दोन अनुभवी भगिनी यांनी एकत्र बसावे. आपल्या गावातली तीन प्रकारची घरे डोळ्यांसमोर आणावीत: शीतकपाट असलेले, नसलेले, आणि ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेर जाणारे. प्रत्येकासाठी वर सांगितल्याप्रमाणे प्रश्न लिहावा, उत्तर मोठ्याने वाचावे आणि त्या दोन भगिनींना ते खोडू द्यावे. खोडलेले पुन्हा यंत्राला सांगावे. दोन-तीन फेऱ्यांत जे उरेल ते एका कागदावर उतरवून पिठाच्या गिरणीत लावावे, कारण भाजणीचे धान्य घेऊन बाई तेथेच येते. कागदावर वाटीचे वजन, महिना आणि कोणत्या घरासाठी हे लिहावयास विसरू नये. जूनमध्ये पाऊस लागला की तो कागद उतरवून दुसरा करावा. दमट हवेत भाजणी किती दिवस राहते, हे गिरणीवाल्यालाही विचारून घ्यावे.