टपावरचे ऊन आणि टाकीतले इंधन
(हीरकमहोत्सवानिमित्त नजरबाद, म्हैसूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरकमहोत्सवी वर्षात शाळेसाठी काय करावे, याविषयी अनेक सूचना आल्या. त्यांतील एक विशेष विचारास पात्र आहे. शाळेच्या बसच्या टपावर सौर पॅनेल बसवावीत, इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरचे काम त्यांच्याकडे सोपवावे आणि वाचलेल्या डिझेलचा पैसा ग्रंथालयासाठी वापरावा, अशी ती सूचना आहे. हेतू निर्मळ आहे आणि कल्पना शास्त्राला धरून आहे. तथापि शाळेचा निधी म्हणजे अनेकांच्या कष्टाचा पैसा. तो खर्चण्यापूर्वी या कल्पनेला गणिताच्या वहीत एकदा मांडून पाहणे हे शाळेला शोभणारे काम आहे.

ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना सायकलचा डायनॅमो आठवत असेल. अंधार पडला की तो चाकाला टेकवायचा. दिवा लागे, पण त्याच क्षणी पायडल जड होई. दिव्याचा उजेड पायांच्या श्रमातून येत होता, हे समजण्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती. मोटारीतही नेमके हेच घडते. बॉनेटखालच्या पट्ट्याने इंजिन अल्टरनेटरला फिरवते, अल्टरनेटर वीज निर्माण करतो आणि त्या विजेवर दिवे, पंखे, वायपर, इंधनाचा पंप चालतात व बॅटरी भरत राहते. विजेची मागणी वाढली की अल्टरनेटर फिरवणे जड होते आणि इंजिन तेवढे अधिक इंधन मागते. फरक इतकाच की सायकलवर हा भार पायांना कळत असे. मोटारीत तो टाकीला सोसावा लागतो आणि चालकाला कळत नाही. म्हणूनच ‘गाडीतली वीज फुकट’ हा समज इतका दृढ झाला आहे.

ही वीज किती महाग असते, ते पाहावे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतील इंजिन तिच्यातील फार तर साडेतीन युनिट फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचवते. उरलेली धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पुढे पट्टा आणि अल्टरनेटर मिळून त्यातीलही जवळजवळ निम्मी गमावतात. हाती उरते ती सुमारे २ युनिट वीज. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले, तर एक युनिट पंचेचाळीस रुपयांना पडले. पेट्रोलच्या गाडीत हा हिशेब आणखी कठोर आहे. तिथे लिटरला एक युनिटाहून थोडीच अधिक वीज मिळते. घरच्या मीटरवरील युनिटाच्या दराशी ताडून पाहिल्यास मोटारीतली वीज कित्येक पटींनी महाग ठरते.

नजरबादच्या इतिहासातच याचे एक उदाहरण आहे. टिपू सुलतानाने जुना म्हैसूरचा किल्ला पाडून त्याचे दगड नजरबादला आणले व नवा किल्ला उभारण्यास आरंभ केला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर तेच दगड पुन्हा म्हैसूरला नेऊन जुना किल्ला बांधण्यात आला. दगड तेच राहिले, परंतु प्रत्येक वाहतुकीत माणसांचे आणि बैलांचे श्रम खर्ची पडले. ऊर्जेचेही असेच आहे. इंधनातून उष्णता, उष्णतेतून गती, गतीतून वीज अशा प्रत्येक स्थलांतरात काही वाटा कायमचा गळतो. सौर पॅनेल उन्हातून थेट वीज देते आणि मधली ही सारी ने-आण टाळते. कल्पनेचे खरे बळ इथे आहे.

हे केवळ कागदावरचे बोलणे नाही. १४ जुलै २०१७ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावर टपावर सौर पॅनेल असलेल्या डिझेल लोकलगाडीचे उद्घाटन झाले. तिचे डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेले होते. गाडी ओढण्याचे काम डिझेल इंजिनाकडेच राहिले. डब्यांतील दिवे आणि पंखे मात्र सौर विजेवर सोपवण्यात आले. प्रत्येक डब्यावर ३०० वॉटची १६ पॅनेल होती आणि अशा सहा डब्यांच्या गाडीमागे वर्षाला सुमारे २१,००० लिटर डिझेल वाचेल, असा रेल्वेचा अंदाज होता.

हा आकडा पडताळून पाहण्याजोगा आहे. सहा डबे मिळून २८.८ किलोवॉट होतात. एका किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिट धरली, तर दिवसाला सुमारे ११५ आणि वर्षाला सुमारे ४२,००० युनिट वीज मिळते. या संख्येला २१,००० ने भागल्यास लिटरमागे २ युनिट, हेच उत्तर येते. वर मांडलेला हिशेब आणि रेल्वेचा अंदाज एकमेकांशी जुळतात. नववीच्या वर्गाला घालण्यासाठी याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

मग जे रेल्वेला साधते, ते बसला किंवा घरच्या मोटारीला तितकेच साधेल काय? इथे थोडे थांबावे लागते. रेल्वेच्या डब्याला मोठे, मोकळे टप असते. तो दिवसभर उन्हात असतो आणि त्याचे दिवे-पंखे तासन्‌तास चालतात. घरची मोटार दिवसातून तासभर फिरते आणि उरलेला वेळ उभी असते. म्हैसूरकर ती झाडाच्या सावलीत उभी करतात, आणि ते शहाणपणाचेच आहे, कारण उन्हात तापलेली गाडी गार करण्यासाठी पुन्हा इंधनच जाळावे लागते. बहुतेक मोटारींत वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर अल्टरनेटरच्या विजेवर चालत नाही. इंजिन त्याला पट्ट्यानेच फिरवते. त्यामुळे टपावरचे छोटे पॅनेल तो भार उचलू शकत नाही.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. केवळ पॅनेल जोडल्याने अल्टरनेटर विश्रांती घेत नाही. इंजिन चालू असेपर्यंत तो आपला दाब बॅटरीहून वरचा ठेवतो आणि बहुतांश भार स्वतःच वाहतो. खरी बचत हवी असेल, तर त्याला नियंत्रित करणारी यंत्रणा आणि खोलवर रिकामी होणे सोसणारी वेगळी बॅटरी लागते. इंजिन सुरू करण्यासाठी असलेली नेहमीची बॅटरी त्या कामासाठी घडवलेली नसते. वारंवार रिकामी झाली तर ती लवकर निकामी होते. पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यात, मुलांनी भरलेली बस वाटेत बंद पडणे कोणत्याही बचतीपेक्षा महाग पडेल. म्हणून पट्टा काढून टाकण्याचा धाडसी उपाय शाळेच्या बसबाबत वर्ज्यच मानावा.

आता बसचा हिशेब. दिवसा चालणाऱ्या बसची विजेची गरज अर्धा किलोवॉट आणि दोन फेऱ्यांचा वेळ दोन तास धरला, तर रोज एक युनिट, म्हणजे अर्धा लिटर डिझेल. शाळेचे दोनशे दिवस धरल्यास वर्षाला शंभर लिटर. अल्टरनेटर पूर्ण वेळ स्वस्थ बसला तरच मिळणारी ही कमाल बचत आहे. याउलट उभ्या बसचे इंजिन नुसते चालू राहिले, तर तासाला साधारण एक ते दोन लिटर डिझेल जळते. शाळेच्या फाटकाशी सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा तास इंजिन चालू राहत असेल, तर रोज अर्धा ते एक लिटर तिथेच संपते. जे साधण्यासाठी पॅनेल, बॅटरी आणि नियंत्रक विकत घ्यावे लागतील, तेवढे किंवा त्याहून अधिक केवळ किल्ली फिरवल्याने साधते. शिवाय तो धूर फाटकाशी उभ्या असलेल्या लहान मुलांच्या छातीत जातो, ही गोष्ट पैशाच्या हिशेबात कुठेही दिसत नाही.

याचा अर्थ सूचना टाकून द्यावी, असा नाही. तिचा क्रम लावावा, एवढेच. प्रथम फाटकाशी इंजिन बंद करण्याचा नियम, चाकांतील हवेची नियमित तपासणी आणि जुन्या बल्बच्या जागी कंपनीने मान्य केलेले एलईडी दिवे. दुसरे म्हणजे बसवर एक लहान पॅनेल, जे एप्रिल-मेच्या सुट्टीत उभ्या बसची बॅटरी मरू देणार नाही. नवी बॅटरी घेण्याचा खर्च लांबणे हीही बचतच आहे. तिसरे, मोठी पॅनेल घ्यायचीच तर ती प्रथम शाळेच्या गच्चीवर असावीत. तिथे झाडांची सावली नाही, कलता कोन देता येतो, आणि सुट्टीत उरलेली वीज मीटरमार्गे वीज कंपनीला देण्याची सोय करता येते. पुढे कधी शाळेने विजेवर चालणारी बस घेतली, तर याच गच्चीवरचे ऊन तिची चाके फिरवू शकेल.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. या वर्षी विद्यार्थ्यांनी बसच्या डिझेलची नोंदवही ठेवावी: तीन महिने आजच्या पद्धतीने, पुढचे तीन महिने फाटकाशी इंजिन बंद ठेवून. फरक किती पडला, हे मुलांनीच पालकसभेत मांडावे आणि निधीचा निर्णय त्या नोंदवहीवर व्हावा. स्वतःच्या घरच्या गाडीबाबतही ज्याने त्याने हाच प्रयोग करून पाहावा. साठ वर्षे या शाळेने मुलांना उत्तराआधी रीत लिहायला शिकवले आहे. निधी खर्चतानाही तीच रीत पाळली जावी, ही अपेक्षा.